रबरी हातोडीची कैफियत

दिवाळीच्या दिवसांत दुखण्याखुपण्याच्या गोष्टी काढू नयेत, असा आपल्याकडे शिष्टसंप्रदाय आहे. तोंडात चकलीचा तुकडा असताना समोरच्याने आपल्या गुडघ्याचे पुराण लावावे, यासारखा दुसरा रसभंग नाही. हे मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही यंदा मी तो संप्रदाय मोडणार आहे. कारण माझ्या दुखण्याचा आरंभ दिवाळीतच झाला, आणि तोही ऐन अभ्यंगस्नानाच्या वेळी!

२०२२ सालच्या नरकचतुर्दशीची ती पहाट. आमचे गाव तळेगाव ढमढेरे, वेळ नदीच्या काठचे. अंगणात पणत्या लागल्या होत्या, बंब धुमसत होता आणि नातवंडे फटाक्यांसाठी तळमळत होती. उटणे लावून झाले. शेवटचे दोन तांबे उभ्याने घ्यावेत म्हणून मी पाटावरून उठलो, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि काय होते आहे हे कळायच्या आत बादलीवर कोसळलो. नातवंडे खदखदून हसली. सौभाग्यवती म्हणाल्या, "उपाशीपोटी पित्त झालं असेल." मीही हसलो. एकसष्ट वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाने दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरात लोळण घ्यावी, यात हसण्यासारखे होतेच.

मात्र त्या हसण्याच्या आड एक गंभीर रोग घरात शिरला होता. त्याचे नाव कळायला मला पुढे अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांचा हिशेब मागावा, यासाठी हा लेखप्रपंच.

दिवाळीनंतर पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. संक्रांतीपर्यंत त्या घोट्यांवर चढल्या. मग एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. चालता चालता पायातली चप्पल मागे राही आणि मला पत्ताच नसे; मागून येणारा एखादा जुना विद्यार्थी ती उचलून आणून देई. "गुरुजी, चप्पल!" होळीच्या सुमारास एस. टी.ची पायरी चढवेना. उन्हाळ्यात सदऱ्याची बटणे लावायला सौभाग्यवतींची मदत घ्यावी लागली. छत्तीस वर्षे ज्या हाताने फळ्यावर अक्षर गिरवून दाखवले, त्या हाताने बँकेच्या कागदावर सही केली, तर कारकुनाने ती नमुन्याशी ताडून परत केली. जेवायला पाटावर बसलो की उठताना दोघांनी बगलेत हात घालावा लागे.

या काळात मी घरी स्वस्थ बसलो होतो, असे कोणी समजू नये. मी पाच डॉक्टर केले. पहिल्यांनी निदान केले : अशक्तपणा. सलाईन लावले. दुसऱ्यांनी निदान केले : वय. त्यांनी ताकदीच्या लाल सुया टोचल्या. तिसऱ्यांनी साखर तपासली. ती नव्हती, याचे त्यांना वाईट वाटल्यासारखे दिसले. चौथ्यांनी मणक्याचा एम.आर.आय. काढून आणायला सांगितला. साठीच्या माणसाच्या मणक्यात काही ना काही झीज सापडायचीच. ती सापडली, आणि "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य मी पट्ट्यासह घरी घेऊन आलो. पाचव्यांनी "गुरुजी, निवृत्तीनंतर मनाला फार लावून घेऊ नका" असा उपदेश केला. शिक्षकाची सवय म्हणून मी जमाखर्चाची वही ठेवतो. तीत चौदा सलाईने, एकतीस सुया, एक पट्टा आणि एक एम.आर.आय. मिळून बेचाळीस हजारांच्या वर रक्कम पडली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. या पाचांपैकी एकानेही माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात भाचा मला पुण्याला घेऊन गेला. शिक्रापूरला येऊन नगर रस्ता धरायचा आणि वाघोलीच्या गर्दीतून वाट काढीत शहर गाठायचे. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण मला ते काशीयात्रेइतके वाटले. तिथल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे एम.आर.आय.चे पाकीट बाजूला ठेवले, खिशातून एक रबरी हातोडी काढली आणि मला पाय लोंबकळत सोडून बसायला सांगितले. गुडघ्याखाली टक्. पाय ढिम्म. दुसरा गुडघा, टक्. ढिम्म. घोटे, कोपरे, मनगटे, सगळीकडे तोच प्रकार! मग त्यांनी मला पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. मी कलंडलो, त्यांनी सावरले. "गुरुजी, तोंड धुताना कधी पडला होतात का?" त्यांनी विचारले. माझ्या डोळ्यांपुढे ती दिवाळीची पहाट उभी राहिली. अकरा महिन्यांत हा प्रश्न मला प्रथमच विचारला जात होता.

या सगळ्या तपासणीला पाच मिनिटे लागली असतील. पुढे नसांतून विजेचा संदेश किती वेगाने धावतो ते यंत्रावर मोजले आणि पाठीतले पाणी काढून तपासले, ते बाईंना आलेल्या शंकेवर शिक्कामोर्तब करण्यासाठी. शंका मात्र आली ती त्या हातोडीमुळे.

रोगाचे नाव ऐकून घरची मंडळी गार झाली. 'क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपथी'! डॉक्टर मंडळी त्याला 'सी.आय.डी.पी.' म्हणतात. गावात बातमी पसरली की, गुरुजींच्या मागे सी.आय.डी. लागली आहे. गावकऱ्यांचे चुकले नाही, फक्त सी.आय.डी. फार उशिरा लागली.

मी डॉक्टर नव्हे, पण मास्तर आहे; तेव्हा समजले तेवढे सोपे करून सांगतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांतून निघून हातापायांपर्यंत जाणाऱ्या ज्या नसा, त्या विजेच्या तारेसारख्या असतात. तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसे नसेवर मायलिनचे. वेष्टन शाबूत असले की संदेश सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर वेगाने धावतो. या रोगात शरीराचे रक्षण करणारी फौजच भ्रमिष्ट होऊन ते वेष्टन कुरतडू लागते. संदेश रेंगाळतात, वाटेत अडकतात, जिरून जातात. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तो हा संदेश नसेतून वर जाऊन परत येतो म्हणून. रस्ताच उखडला तर जासूद परत कसा येणार? आणि पाय कुठे टेकला आहे ही खबर मेंदूला मिळेनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. डोळे मिटले की आधार गेला!

या रोगाला एक शीघ्रकोपी भाऊ आहे : गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जी.बी.एस. माझ्या रोगाची चढण आठ आठवड्यांहून अधिक काळ चालू राहते. त्याची चढण चार आठवड्यांच्या आत शिगेला पोचते, आणि कित्येकदा काही दिवसांतच माणूस श्वासाच्या यंत्रावर जातो. १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. हातापायांची शक्ती गेलेली, हातोडीला प्रतिसाद नाही, आणि पाठीतल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असून पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, ही त्यांची खूण. यांपैकी प्रतिसादांचे आलेख काढण्याचे काम स्ट्रोल यांच्याकडे होते. पुढे रोगाला नाव देताना गियाँ राहिले, बारे राहिले आणि स्ट्रोल गळाले. हातोडीच्या पक्षाला विसरण्याची चाल अशी जुनीच दिसते!

माझ्या एका स्नेह्यांना, जे स्वतः वैद्यकीय व्यवसायात आहेत, ही कैफियत मुळीच पटली नाही. ते म्हणाले, "अहो गुरुजी, लाखात दोघातिघांना होणारा हा रोग. खेड्यातला डॉक्टर सकाळच्या प्रहरात शंभर रोगी पाहतो. ताप, जुलाब, साप, विंचू सोडून त्याने तुमचा दुर्मिळ रोग हुडकत बसावे काय?"

आक्षेप वजनदार आहे. म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर देतो.

पहिली गोष्ट, 'दुर्मिळ' हा शब्द आकड्यांच्या उजेडात धरून पाहावा. जी.बी.एस. दरवर्षी लाखात एका-दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे त्रैराशिक मांडले तर एकट्या महाराष्ट्रात दरसाल हजार ते सव्वादोन हजार माणसे! एवढी माणसे एका गावात राहत असती, तर त्या गावाला सरपंच असता, शाळा असती आणि निवडणुकीच्या वेळी पुढाऱ्यांच्या मोटारी तिथे धुरळा उडवीत आल्या असत्या. ती विखुरलेली आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा.

दुसरी गोष्ट, खेड्यातल्या डॉक्टराने हा रोग बरा करावा, असे मी म्हणतच नाही. त्याला नावही उच्चारता आले नाही तरी चालेल. मागणी एवढीच की, "शक्ती जाते आहे" असे जो सांगेल, त्याच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर एकदा हातोडी मारावी. शक्ती आठवड्यागणिक उतरते आहे आणि प्रतिसादही नाहीसे झाले आहेत, असे दिसले, तर 'अशक्तपणा' हा शब्द चिठ्ठीवर न लिहिता रोग्याला पुढे धाडावे. प्रतिसाद गेला म्हणजे हाच रोग, असे नव्हे. मधुमेहात जातो, म्हातारपणी घोट्याचा जातो, हे मलाही सांगण्यात आले आहे. पण धुराखाली दर वेळी आग नसते, म्हणून कोणी धुराकडे पाठ करून बसतो काय?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "आमच्या देशात हे जमणार नाही" हे म्हणणेच खोटे आहे, कारण आपण ते करून दाखवले आहे! पोलिओच्या मोहिमेत असा दंडक घातला गेला की, पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर त्याची वर्दी द्यायची, आणि चौदा दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. पोलिओ आहे की नाही याचा वाद नंतर, आधी वर्दी. या जाळ्यात जी.बी.एस.ची मुलेही सापडत गेली. २०११ च्या जानेवारीत देशातला पोलिओचा शेवटचा रोगी आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ज्या देशाने खेड्यापाड्यांतल्या मुलाचा लुळा पाय हिशेबात घेतला, त्या देशात मुलाने पंधरावे वर्ष ओलांडले की त्याचा लुळा पाय 'अशक्तपणा' होतो! हे कोणत्या शास्त्रात बसते?

स्नेही यावर म्हणाले, "बरे, ओळखला रोग. पुढे काय? त्याचे औषध गरिबाला परवडते का?"

इथे त्यांनी अर्धे सत्य सांगितले. जी.बी.एस.वर दोन उपाय सिद्ध झालेले आहेत. एक, रक्तातला द्रव काढून बदलणे. दुसरा, हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. या दुसऱ्याचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे एकूण दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकशेवीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या. आणि एकेका कुपीची किंमत हजारांत. शेतकऱ्याच्या घरातला बैल, दागिना आणि जमिनीचा तुकडा यांवर एकदम टाच यावी असा हा खर्च आहे. हे खरे. पण बांगलादेशातील डॉक्टरांनी यंत्राविना, रोग्याच्या खाटेपाशीच थोडथोडे रक्त काढून, त्यातला द्रव वेगळा करून, पेशी परत देण्याची स्वस्त रीत वीस रोग्यांवर अजमावून २०१८ साली प्रसिद्ध केली. तिची कसोटी अजून पुरी व्हायची आहे. पण गरिबांचा देश हातपाय गाळून बसला नाही, हे तर दिसले!

माझ्या रोगाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सी.आय.डी.पी.च्या पुष्कळ रोग्यांना स्टेरॉइडच्या साध्या गोळ्यांनी गुण येतो. मला आला. गोळ्या सुरू झाल्यावर सातव्या आठवड्यात मी पाटावरून कोणाचा हात न धरता उठलो. त्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एका सलाईनच्या खर्चाहून कमी होता! सर्वांनाच इतक्या स्वस्तात गुण येत नाही. काहींना त्या महागड्या कुप्याच लागतात, काहींचा रक्तद्रव बदलावा लागतो. शिवाय याच गोळ्या जी.बी.एस.मध्ये काही उपयोगाच्या नाहीत, आणि त्या मनाने घेतल्या तर साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. मलाही त्यांचा उपद्रव झाला. म्हणूनच कोणता भाऊ घरात शिरला आहे, हे आधी ओळखावे लागते. आणि ओळखण्याची पहिली पायरी, वाचकहो, पुन्हा तीच!

औषध महाग आहे म्हणून निदान करू नये, हा न्याय मला उमगत नाही. निदान न झाल्यामुळे मी जे बेचाळीस हजार घालवले, ते स्वस्त होते काय? आणि या रोगात वेळ म्हणजे केवळ वेळ नसतो. वेष्टन गेले असेल तर ते पुन्हा येऊ शकते; आतली तारच तुटली तर ती फार सावकाश सांधते, आणि कधी सांधतच नाही. माझ्या पायांची बोटे अजून बधिर आहेत. हातात काठी आहे. अकरा महिन्यांपैकी काही महिने मला परत मिळाले नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात काय घडले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत जी.बी.एस.चे रोगी एकामागून एक निघू लागले. आधी जुलाब, मग पायांतली शक्ती जाणे. काही रोग्यांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला; संशयाचे बोट विहिरींच्या आणि नळांच्या पाण्याकडे वळले. रोग्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही जण दगावले. मग चक्रे फिरली! दिल्लीहून पथक आले, घरोघर पाहणी झाली, पाण्याचे नमुने गेले. मोफत उपचारांची घोषणा झाली : पिंपरी-चिंचवडकरांसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पुणेकरांसाठी कमला नेहरू रुग्णालय आणि ग्रामीण भागासाठी ससून. झाले ते उत्तमच झाले. त्याबद्दल मी सरकारला नावे ठेवणार नाही. त्या महिन्यात आमच्या पारावरही लोक 'जी.बी.एस.' हा शब्द तोंडी घेऊन पाणी उकळू लागले.

पण प्रश्न असा उरतो की, दोनशे माणसे एका रस्त्यावर पडली म्हणून जो रोग दिसला, तोच रोग एकेक माणूस एकेका गावात पडतो तेव्हा का दिसू नये? साथ ओसरली, पथके परतली, वर्तमानपत्रांनी दुसरा विषय घेतला. ग्रामीण भागातल्या रोग्याने ससूनला जावे, हे ठीक. पण आपल्याला ससूनला जायचे आहे, हे त्याला सांगणार कोण? ते सांगणारी वस्तू शे-दोनशे रुपयांना मिळते. तिला वीज लागत नाही, तिची दुरुस्ती करावी लागत नाही, तिच्यासाठी निविदा मागवाव्या लागत नाहीत. तिच्यावर कोणाला दलालीही मिळत नाही. आणि कदाचित म्हणूनच ती टेबलाच्या खणात पडून असते.

आता सगळे खापर डॉक्टरांवर फोडून मी मोकळा झालो, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. ती चौदा सलाईने मला कोणी बळेच लावली नाहीत. पहिले तर मीच मागून घेतले. नुसते तपासून, सुई न देता जो डॉक्टर घरी पाठवतो त्याला आपण काय म्हणतो? "नुसतं बघितलं आणि पैसे घेतले!" बघण्याचे पैसे द्यायला आपला हात आखडतो, टोचण्याचे मात्र आपण मागे न पाहता देतो. पायावर हातोडी मारणारा डॉक्टर आपल्याला पोरखेळ करणारा वाटतो, आणि बाटली टांगणारा धन्वंतरी वाटतो. गिऱ्हाईक जे मागते ते दुकानात ठेवले जाते. आम्ही बाटली मागितली, बाटली मिळाली. तेव्हा शिक्षा वाटायची झाली तर तीतला एक वाटा माझ्याही पदरात घालावा. मी तो नाकारणार नाही.

म्हणून ही कैफियत दोघांपुढे आहे. डॉक्टरसाहेबांना विनंती ही की, खणातली हातोडी खिशात ठेवा. आणि तुम्हां-आम्हां घरच्या माणसांना विनंती ही की, दवाखान्यात गेल्यावर एकदा तोंड उघडून म्हणा, "साहेब, पायाची शक्ती जाते आहे, गुडघ्यावर मारून बघता का?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला म्हणून छत्तीस वर्षांत माझा अपमान कधी झाला नाही.

यंदाच्या दिवाळीत घर भरेल. मुंबईहून लेकी येतील, भाऊबीजेला भाऊ येतील, फराळाची ताटे मांडली जातील. त्या गडबडीत एवढे पाहा की, पाटावरून उठताना कोण हात टेकतो आहे. कोणाची चप्पल नकळत उंबऱ्यापाशी राहून जाते. आणि अभ्यंगस्नानात डोळ्यांवर साबण असताना कोणी कलंडले, तर मुलांना हसू द्या. पण मोठ्यांपैकी एकाने तरी हसू नये. दिवाळी आटोपली की त्या माणसाला घेऊन दवाखान्यात जावे आणि हातोडी मागावी.